कोऱ्या वाट्यांचा गुलाबी रंग

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत एक भलंमोठं खोकं उभं होतं आणि खोक्यामागे एक माणूस. म्हणजे माणसाचं डोकं, एक खांदा आणि खोक्याला कवटाळलेला हात. बाकीचा माणूसही मागे असणार, असं गृहीत धरायचं.

“बाहेर या,” ती म्हणाली.

तिच्या ॲप्रनच्या आत, पोटाशी घट्ट धरलेला एक छोटा थर्मास होता. तळमजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरच्या मागच्या दारातून तो तिनं आत्ताच घेतला होता, आणि गार व्हायच्या आत तो वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचवायचा होता. जिना होता, पण धावताना थर्मास हिंदकळतो आणि आतल्या ऐवजाला हिंदकळणं सोसत नाही.

“मी आधी आलोय,” डोकं म्हणालं. आवाज मात्र भांडखोर नव्हता.

“तुमचं खोकं थांबेल. माझी चरबी थांबणार नाही.”

डोकं जरा बाजूला झुकलं. दोन डोळे दिसले... आणि त्या डोळ्यांनी तिच्या किडकिडीत अंगकाठीकडे एकदा अगदी प्रामाणिकपणे पाहून घेतलं.

“तुमची चरबी? माफ करा, पण मला कुठे दिसत नाहीये.”

“थर्मासमध्ये आहे. आणि माझी नाही, पेशंटची. जिवंत आहे. बाहेर या.”

दुसरा कुणी असता तर हुज्जत घालत बसला असता. यानं ढकलगाडीची मूठ धरली, खोकं इंचाइंचानं बाहेर ओढलं, दाराच्या चौकटीत एकदा स्वतःचं बोट चेंगरून घेतलं, आणि दार मिटता मिटता म्हणाला, “जिवंत चरबीला माझा नमस्कार सांगा.”

ती हसली नाही. म्हणजे त्याच्यासमोर नाही. लिफ्ट वर निघाल्यावर, आत आपण आणि थर्मास सोडून कुणी नाही याची खात्री करून, मग हसली.

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘कात्री’ म्हणायचे. एक तर तिची जीभ कात्रीसारखी चालायची. आणि दुसरं म्हणजे, तिच्या ॲप्रनच्या उजव्या खिशात खरोखरीची कात्री असायची. तिचे बाबा शिंपी. धागे कापायची त्यांची ही छोटी, टोकदार कात्री. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः तिला धार लावून द्यायचे. शिंप्यानं एक वेळ शिलाई मशीन उसनं द्यावं पण कात्री देऊ नये, असं बाबांचं म्हणणं होतं, आणि बाबांच्या बाकीच्या म्हणण्यांकडे सरसकट कानाडोळा करणारी ही मुलगी एवढं एक मात्र कसोशीनं पाळायची.

माणसाच्या अंगातली चरबी फुटते कशी आणि किती, हे मोजायचं तिचं काम होतं. चरबी घटवायच्या गप्पा सगळेच मारतात; ती फुटताना पाहिलेली माणसं फार थोडी. तिनं पाहिली होती. ऑपरेशनमध्ये निघालेला बोटाच्या पेराएवढा तुकडा पेशंटच्या परवानगीनं घ्यायचा, बारीक करायचा, अंगाइतक्या उबेत औषधात हलवत ठेवायचा, की त्यातल्या पेशी सुट्या होतात आणि दुधावरच्या सायीसारख्या वर तरंगतात. मग त्यांना ॲड्रेनालिनचा धक्का द्यायचा. आपण घाबरलो की अंगात सुटतं ना, तेच. धक्का बसला की पेशी आपली साठवण फोडायला लागतात. त्यातून फॅटी ॲसिडं बाहेर पडतात आणि ग्लिसरॉल बाहेर पडतं. फॅटी ॲसिडं बेभरवशाची, त्यातली काही मागच्या दारानं पुन्हा आत शिरतात. ग्लिसरॉलनं मात्र एकदा घर सोडलं की सोडलं. म्हणून मोजायचं ते ग्लिसरॉल. चिमुकल्या वाट्यांच्या एका प्लेटमध्ये ते घेऊन वर औषध घातलं की गुलाबी रंग चढतो. जितकी चरबी फुटली तितका रंग गडद.

यात गोम एकच होती. या पेशी फुगीर आणि भलत्या नाजूक. पिपेटच्या, म्हणजे थेंब मोजून ओढायच्या नळीच्या, निमुळत्या टोकातून ओढल्या तर ओढतानाच फुटायच्या. म्हणून प्रत्येक टोक कापून त्याचं तोंड रुंद करावं लागे. ते ती बाबांच्या कात्रीनं, स्वतःच्या हातानं कापायची. पेशी घातलेल्या वाट्या असोत, तुलनेसाठी ठरावीक ग्लिसरॉल घातलेल्या असोत की पेशीच न घातलेल्या कोऱ्या वाट्या असोत, टोकं सगळीकडे कापलेलीच. सगळ्यांना एक न्याय. कोऱ्या वाट्यांनी कोरंच राहायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना रंग चढला, तर बाकी कुठल्याच रंगावर विश्वास ठेवता येत नाही.

तर त्या दिवशी पेशी सुट्या करून ती मान वर करते तो काय, दारात तेच खोकं. आणि खोक्यामागे, आता पूर्ण दिसणारा, तोच माणूस.

“रंग मोजायचं नवीन मशीन कुणी मागवलंय?” त्यानं विचारलं. मग तिला ओळखून तो गोड हसला. “तुम्हीच? म्हणजे मगाशी तुम्ही स्वतःच्याच मशीनला लिफ्टमधून बाहेर काढलंत.”

“बरं झालं. त्याला इथली शिस्त कळली.”

खोक्याच्या पट्ट्या कापायला त्यानं तिच्या खिशातून डोकावणारी कात्री मागितली. ती कुणाच्या हातात जात नाही, असं तिनं सांगितलं. इंजिनिअर असून स्वतःची हत्यारं नाहीत का, असंही विचारलं. आहेत ना, तो शांतपणे म्हणाला, खोक्याच्या आत आहेत. शेवटी साफसफाईच्या मावशींनी कमरेच्या किल्लीनं पट्ट्या तोडल्या आणि कामाला लागा म्हणून दोघांकडेही बघितलं.

मशीन बसवायचं, तपासायचं, मग दर आठवड्याला येऊन बघून जायचं, असा त्याचा नेम होता. लोक त्याला ‘मशीनवाले’ म्हणू लागले. हिवाळा होता, कोरडा आणि लख्ख. तो यायचा तेव्हा खिडकीतून ऊन थेट तिच्या टेबलावर आलेलं असायचं, आणि तो मुद्दाम त्या उन्हात उभा राहून मशीनचं काढलेलं झाकण पुसायचा. मशीन तिकडे भिंतीशी होतं, तरीही. तिनं एकदा विचारलं की झाकण हातात घेऊन एवढ्या लांब कशाला येता. इथे उजेड बरा आहे, तो म्हणाला. काम भिंतीशी आणि उजेड इथे, असं कसं? “कामाला उजेड लागत नाही,” तो म्हणाला. “मला लागतो.”

यावर कात्रीकडे उत्तर नव्हतं असं नाही. दोन-तीन होती. पण तिनं ती दिली नाहीत, आणि त्या दिवशी मापं घेताना तिला एक ओळ पुन्हा करावी लागली.

मग ती क्रीम आली.

दिवसभर हात धुवायचे, स्पिरिट चोळायचं, पुन्हा धुवायचे. थंडीत तिच्या बोटांची पेरं उलून लाल झाली होती. त्यानं ते पाहिलं होतं, पण बोलला काहीच नाही. पुढच्या खेपेला त्यानं टेबलावर एक छोटी ट्यूब ठेवली. जुन्या पद्धतीची, मऊ पत्र्याची, वर कसलंही नाव नसलेली. त्याच्या ताईचं औषधाचं दुकान होतं आणि ही क्रीम ती स्वतः बनवायची.

तिनं दाराकडे बोट दाखवलं. दारावर तिच्याच अक्षरात मोठा कागद होता: हाताला क्रीम लावून आत येऊ नये.

“क्रीममध्ये ग्लिसरीन असतं,” ती म्हणाली. “ग्लिसरीन म्हणजेच ग्लिसरॉल. आम्ही इथे कणाकणानं तेच मोजतो. तुम्ही थेट पोलीस चौकीत चोर आणलाय.”

“मग घरी लावा.”

“मी मावशींना देईन. त्यांना उपयोग होईल.”

“द्या,” तो म्हणाला, आणि मशीनकडे गेला. त्या दिवशी उन्हात आला नाही.

आता खरं सांगायचं तर ट्यूब मावशींकडे कधी गेलीच नाही. ती संध्याकाळी ॲप्रनच्या खिशातून पर्समध्ये गेली आणि सकाळी पर्समधून पुन्हा खिशात आली. तिनं एकदाही ती उघडली नाही. नियम म्हणजे नियम. आणि नियम तिनं स्वतः केलेला. पण ट्यूब घरी ठेवावी असंही तिला वाटेना. काम करता करता हात खिशात जायचा, कात्रीला लागायचा आणि मग ट्यूबला लागायचा, आणि तेवढ्यानं दिवस बरा जायचा. ज्या मुलीनं आजवर भल्याभल्यांच्या गमज्या कापून काढल्या, ती एका बिननावाच्या ट्यूबपाशी अशी बोथट झाली होती. प्रेमात पडली होती, दुसरं काय.

त्यानं पुढच्या वेळी सहज विचारलं. दिली मावशींना, ती ठसक्यात म्हणाली. तिला वाटलं, विषय संपला. त्याच दिवशी जिन्यात त्यानं मावशींना विचारलं की क्रीम कशी आहे, आणि मावशी म्हणाल्या, कसली क्रीम? हे तिला माहीत नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की मशीनवाले आता येतात, मशीन पुसतात, सही घेतात आणि जातात. उजेडाचं काही म्हणत नाहीत.

आणि नेमकं याच सुमारास कोऱ्या वाट्या बिघडल्या.

पहिल्यांदा थोड्या. मग जास्त. डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण मशीन आकडा दाखवायचं: जिथे काहीच नाही तिथे ग्लिसरॉल आहे. त्यातही एक वाटी कमी, शेजारची जास्त, तिसरी ठीक. तिनं पाणी बदललं, औषध नवं उघडलं, हातमोज्यांचा खोका बदलला. कात्री तर ती रोज सकाळी स्पिरिटनं पुसायचीच. तरी आकडे हलेनात.

मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी तिला बोलावून घेतलं. मधुमेहाच्या पेशंटांवरचं मोठं काम सुरू होणार होतं. गुरुवारी पहिलं ऑपरेशन होतं. मोजणी तिच्या पद्धतीनं झाली तर पेशंटना शिरेतून तासन् तास औषध द्यायची आणि सारखं रक्त काढायची गरज नव्हती. ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा पुरणार होता. पण कोऱ्या वाट्या अशा असतील तर तुकडे दुसऱ्या प्रयोगशाळेत जातील, त्यांच्या पद्धतीनं मोजले जातील, आणि तिची पद्धत कपाटात जाईल. “पेशंटचा तुकडा एकदाच मिळतो,” मॅडम म्हणाल्या. “तो मी आशेवर वापरणार नाही. गुरुवारी सकाळी मला कोरी वाटी कोरी दाखव.”

दोन वर्षं तिनं या पद्धतीसाठी घालवली होती. तिनं तडक मशीनच्या कंपनीला फोन लावला.

गुरुवारी सकाळी तो आला. हत्यारांची पेटी खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, “तुमचं मशीन खोटं बोलतंय.”

त्यानं पेटीतून आपली तपासणीची काच काढली. पक्क्या रंगांची ती काच मशीनमध्ये ठेवली की मशीनचं खरंखोटं कळतं. त्यानं ती ठेवली, आकडे बघितले, काच फिरवून पुन्हा बघितले, आणि आकड्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला. मशीन ठणठणीत होतं.

“मशीन खोटं बोलत नाही, मॅडम,” तो म्हणाला. “माणसं बोलतात. मावशींना क्रीम मिळालीच नाही.”

तिचा हात खिशात गेला. ट्यूब तिथेच होती. ती काढून टेबलावर ठेवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं, पण शरम अशी आड आली की बोटं ट्यूबवर नुसती मिटून राहिली.

“टाकून दिली तर दिली म्हणायचं,” तो म्हणाला. “मी मनाला लावून घेतलं नसतं.” मग पेटीचं झाकण लावत त्यानं पुढचं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून इथे दुसरा इंजिनिअर येणार होता. त्यानं स्वतःच दुसऱ्या भागातलं काम मागून घेतलं होतं.

“मनाला लावून घेतलं नसतं म्हणता,” ती म्हणाली, “मग इथून बदली का मागितलीत?”

“मनाला लावून घेतलं म्हणून.”

खिडकीतलं ऊन टेबलावर होतं आणि दोघंही त्याच्या बाहेर उभे होते. पण ऑपरेशन सुरू झालं होतं, तुकडा दुपारपर्यंत येणार होता, आणि मशीन खरं बोलत होतं. याचा अर्थ एकच, की ग्लिसरॉल खरोखर तिच्याच कुठल्या तरी कृतीतून आत येत होतं. रडायला वेळ नव्हता. तसा तिचा स्वभावही नव्हता.

“थांबा,” ती त्याला म्हणाली. “मशीन तुमचं आहे, तर निकाल लागेपर्यंत तुम्ही इथेच थांबायचं.”

तिनं नव्या प्लेटवर कोऱ्या वाट्या भरल्या; काही न कापलेल्या टोकांनी, काही कापलेल्या. आकडे आले. न कापलेल्या टोकांच्या वाट्या स्वच्छ होत्या, कापलेल्या बिघडलेल्या. म्हणजे टोकं चांगली होती, गडबड कापण्यात होती. तिनं क्षणभर विचार केला आणि त्याच्यापुढे हात केला. “तुमची तार कापायची पक्कड द्या.”

त्यानं पक्कड स्पिरिटनं पुसून दिली. तिनं त्या पक्कडीनं टोकं कापली, वेडीवाकडी का होईना, आणि पुन्हा वाट्या भरल्या. स्वच्छ.

“कात्री?” तो हळूच म्हणाला.

“माझी कात्री मी रोज सकाळी पुसते.”

“आणि पुसल्यावर कुठे ठेवता?”

उत्तर द्यायच्या आधीच तिला उत्तर कळलं. तिनं पाठ वळवली, खिडकीपाशी जाऊन कात्री काढली आणि उजेडात धरली. पात्यांच्या टोकांवर पातळ, पारदर्शक चिकटा होता. मग तिनं ट्यूब काढून बघितली. मऊ पत्र्याला एका बाजूला सुईनं टोचावं तसं भोक पडलं होतं. तिच्याच कात्रीनं, खिशातल्या खिशात, रोज जाता-येता पाडलेलं. क्रीम ती लावत नव्हती, म्हणून क्रीमवर तिचा संशयच गेला नव्हता. आणि इतके दिवस ती सकाळी पुसलेली कात्री त्याच खिशात घालत होती, आणि त्याच कात्रीनं टोकं कापत होती.

तिच्या पाठीमागे तो काय झालं म्हणून विचारत होता. कुणीच काही पाहिलं नव्हतं. कात्री धुवून टाकायची, ट्यूब कचऱ्यात टाकायची आणि कात्री अस्वच्छ होती एवढंच सांगायचं. पद्धत वाचली असती आणि अब्रूही.

पण या प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं सगळ्यांसमोर, बिघडलेली प्लेट हातात घेऊन उभं राहायचं आणि दोन गोष्टी सांगायच्या: कारण आणि उपाय. माफी मागायची नाही, मोठ्या मॅडमना माफीचा कंटाळा होता. कारण मात्र मुळापर्यंत सांगायचं. आणि ‘अर्धं कारण म्हणजे अख्खं खोटं’ हे दुसरं कुणी नाही, कात्रीच प्रत्येकाला सुनवायची. शेजारच्या टेबलावरच्या एका बिचाऱ्याला तर तिनं तीनदा उभं केलं होतं.

तिनं काडीच्या टोकावर कणभर क्रीम घेतली आणि एका कोऱ्या वाटीत बुडवली. थोडा वेळ थांबली. वाटी गुलाबी झाली, मग गडद गुलाबी, मग जांभळ्याकडे झुकली. आता मशीनचीही गरज नव्हती. ती प्लेट घेऊन मधल्या टेबलाशी गेली आणि मोठ्या मॅडमना बोलावलं. बाकीचेही हातातलं ठेवून आले. मावशी बादली घेऊन दारातच थांबल्या. तो मशीनपाशी होता, पेटी बंद करून, निघायच्या तयारीत.

“कोऱ्या वाट्यांत ग्लिसरॉल होतं,” ती म्हणाली. “ते माझ्या कात्रीवरून आलं. कात्रीवर ते खिशातल्या क्रीमच्या ट्यूबमधून आलं. ट्यूबला कात्रीचंच टोक लागून भोक पडलं होतं.”

मॅडमनी दारावरच्या कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “क्रीम लावतेस?”

“नाही. एकदाही लावली नाही.”

“मग खिशात कशाला?”

इथे ती थांबली. तिचे कान तापले आणि छाती धडधडू लागली. ॲड्रेनालिन, तिला वाटलं, किती पेशी फुटत असतील आत्ता. पण आवाज तिनं सरळ ठेवला.

“लावायची नव्हती, कारण नियम माझा आहे. आणि टाकायची नव्हती, कारण ज्यानं दिली तो माणूस मला आवडतो. त्याला मी खोटं सांगितलं की मावशींना दिली. ती रोज माझ्या खिशात होती. हे मुळापर्यंतचं कारण.”

मशीनपाशी पेटी जमिनीवर जरा जोरात टेकल्याचा आवाज आला. तीनदा उभ्या राहिलेल्या त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर तर सात जन्मांचं समाधान होतं. तिनं कुणाकडेही पाहिलं नाही, मॅडमकडेच बघत राहिली.

“कारण पटलं,” मॅडम म्हणाल्या. “उपाय?”

“कात्री उकळून घ्यायची आणि यापुढे झाकणाच्या डब्यात ठेवायची, खिशात नाही. ट्यूब घरी. आता लगेच नव्यानं टोकं कापून कोऱ्या वाट्या दाखवते.”

“दाखव.” मॅडम वळल्या आणि पुन्हा थांबल्या. “तीन गोष्टी सांगितल्यास. कात्री, ट्यूब आणि माणूस. उपाय दोनच गोष्टींचा सांगितलास.”

आता मात्र तिला तिकडे बघावंच लागलं. तो टेबलाजवळ, उन्हात येऊन उभा होता. हातात मशीनचं झाकणही नव्हतं. नुसताच आला होता.

“तिसऱ्याचा उपाय माझ्या हातात नाही,” ती म्हणाली. “त्यानं दुसरीकडचं काम मागून घेतलंय.”

“मागितलेलं परत करता येतं,” तो म्हणाला. “आज संध्याकाळी करतो.” मग मोठ्या मॅडमकडे वळून, अगदी कामाच्या सुरात, “या मशीनवर रोज नीट लक्ष ठेवायला हवं असं माझं मत आहे.”

“मशीन ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहून दिलंय,” मॅडम म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लावताना त्या हसत होत्या, असं मावशींनी नंतर सगळ्यांना सांगितलं. मावशींवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

कात्री उकळली. टोकं कापली. वाट्या भरल्या, आणि या वेळी त्या पाण्यासारख्या कोऱ्या राहिल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मशीनच्याही नजरेत आणि मॅडमच्याही. मॅडमनी आकडे वाचले, थिएटरला फोन लावला आणि तुकडा आपल्याकडेच पाठवा म्हणून सांगितलं. मग तिला म्हणाल्या, पाठवायला कशाला सांगू, तूच जाऊन घेऊन ये.

ती घाईनं निघाली. डबा अजून आलेला नव्हता, म्हणून उकळलेली कात्री स्वच्छ कागदात गुंडाळून तिनं हातात धरली होती. खिशात घालायची सोय उरली नव्हती, आणि टेबलावर ठेवली तर कुणीही उचलली असती. लिफ्टपाशी तो आधीच उभा होता, दार एका हातानं अडवून.

“चरबी थांबत नाही, माहितीये मला,” तो म्हणाला. “म्हणून लिफ्ट थांबवून ठेवलीये.”

दोघं खाली गेले. थिएटरच्या मागच्या दारातून सिस्टरनी थर्मास दिला. तिनं तो ॲप्रनच्या आत, पोटाशी धरला. त्याला दोन्ही हात लागतात, आणि कात्री तर एका हातात होती. ती क्षणभर अडली. बाबा आठवले. मग तिनं गुंडाळी त्याच्यापुढे धरली.

“घ्या. पण पट्ट्या कापायच्या नाहीत.”

त्याला त्या वाक्याचा अर्थ समजला. त्यानं कात्री दोन्ही हातांनी, तिनं थर्मास धरला होता तशीच जपून धरली. लिफ्ट वर निघाली. उललेल्या पेरांच्या तिच्या बोटांकडे बघत त्यानं विचारलं की ट्यूब आता घरी जाणार, तर घरी तरी लावणार का.

“भोक पडलंय तिला,” ती म्हणाली. “नवीन लागेल.”

“ताईला सांगतो.”

“नको. मीच येते दुकानात.” तिनं जरा थांबून पाहिलं, तो काही बोलतोय का ते. “तुझ्या ताईला बघायचंय मला. आणि तिनं मला बघायला हवं.”

लिफ्टचं दार उघडलं तरी तो कात्री धरून तसाच उभा होता, आणि शेवटी तिलाच म्हणावं लागलं, “बाहेर ये.”